चाकाखालचा दगड

चिंगी घरी आली की आधी बादलीत गरम पाणी, त्यात मूठभर खडेमीठ आणि त्यात दोन्ही पाय. अर्धा तास कुणी तिच्याशी बोलायचं नाही. सांबऱ्याच्या विमानतळाहून बेळगावातलं आमचं शहापूर ते काय लांब, पण चेहऱ्यावर मुंबईहून चालत आल्याचा शीण असतो. अंबाडा इतका घट्ट की तो सोडताना कळवळते. वहिनी मागे बसून एकेक पिन काढते आणि वाटीत टाकते. मागच्या खेपेला मोजल्या, एकवीस निघाल्या.

ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. चार वर्षं झाली, एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझा काय, एक लेख आहे. तिची नोकरी आहे.

घरात ती आमच्यासारखीच 'मी येतो', 'मी जातो' बोलते. बेळगाव-निपाणीकडच्या बायकांचं हे बोलणं बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं. ट्रेनिंगच्या वेळी खोलीतल्या पुण्याच्या मुली हसल्या म्हणे, तेव्हापासून तिकडे 'मी येते' आणि सांबऱ्याला उतरलं की 'आलो गं आत्या'. एकदा बेळगावच्याच फेरीवर तिची ड्यूटी लागली. दारात हात जोडून उभी, तर आमच्या गल्लीतल्या काकू शिडी चढून वर आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, तू चिंगी न्हवं?" मागे रांग खोळंबलेली. ती हसून म्हणाली, "वेलकम मॅम." काकूंनी ते मनाला लावून घेतलं. पुढे दोन महिने त्या आमच्याकडे हळदीकुंकवालासुद्धा फिरकल्या नाहीत.

तर डिसेंबरात ती चार दिवसांसाठी आली होती. पाय बादलीत असतानाच तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "आत्या, तू पगाराचं काम केलीस न्हवं इतकी वर्षं? हे जरा बघ की. मला काय कळंना झालंय."

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी तीस वर्षं टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पगारपत्रक. पगाराचा कागद दिसला की मी बेसिकपासून नाही, खालून वर वाचते. भानगड असेल तर ती कपातीत सापडते. इथे कपातीत काही नव्हतं. पण मधल्या एका ओळीवर मी थांबले. फ्लाइंग अलाउन्स, तास ६८.

"महिन्याला अडुसष्टच तास काम करतीस?" मी विचारलं. "आमचा मोल्डर चोवीस दिवसांत एकशे ब्याण्णव भरायचा."

ती अशी हसली की बादलीतलं पाणी फरशीवर सांडलं.

ते अडुसष्ट तास म्हणजे ब्लॉक अवर्स. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. आपल्याकडे उतारावर बैलगाडी सोडताना चाकाला दगड लावतात, तसेच. ते निघाले आणि विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू. पलीकडे पोचून, थांबून पुन्हा ठोकळे लागले की बंद. मधल्या तासांवर हा भत्ता. जगातल्या पुष्कळ कंपन्यांत थोड्याफार फरकानं हेच चालतं. कंपनीचं म्हणणं मलाही कळतं: बाकीचं सगळं मूळ पगारात धरलेलं आहे. मीही हेच उत्तर कित्येकांना खिडकीतून दिलेलं आहे. पण मूळ पगार किती आणि या भत्त्यावर घर किती चालतं, ते मी कागदावर बघत होते. मुंबईतल्या खोलीचं भाडंच मुळी भत्त्यातून जात होतं.

मी म्हटलं, एक दिवस सांग. कुठलाही. वहीवर उभी रेघ मारली आणि लिहायला बसले.

रात्री २.४० ला खाली गाडी. त्याआधी उठून तोंडाला रंग, अंबाडा, साडीच्या निऱ्या. तो वेळ मी धरलाच नाही, मोल्डरचा दाढीचा वेळ कोण धरतं. ३.४५ ला रिपोर्टिंग. तोंडानं नळीत फुंकायचं, दारूची तपासणी. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. मग ब्रीफिंग. मग विमानात जाऊन ऑक्सिजनच्या बाटल्या, अग्निशामकं, सीटखालची जॅकेटं तपासायची. मग माणसं चढणार. ५.१० ला चाक हललं, ६.४५ ला थांबलं. उतरवा, कचरा उचला, सीटचे पट्टे जागेवर लावा, पुन्हा माणसं. ७.२० ते ८.५०. तिसरी फेरी साडेनऊची होती, पण दिल्लीकडे धुकं. माणसं आत बसलेली, दार बंद, चाकाला ठोकळा. एक तास दहा मिनिटं. पाणी द्या, पोरं रडतात, एक आजोबा 'खाली सोडा' म्हणून उठलेले, एक जण मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. १०.४० ला निघालं, ११.५० ला पोचलं. शेवटची १२.३० ते १.४५. सव्वादोनला ड्यूटी संपली, साडेतीनला खोलीवर.

मी बेरीज केली. रिपोर्टिंगपासून ड्यूटी सुटेपर्यंत साडेदहा तास. मोजलेले साडेपाच.

"ते धुक्यातलं?" मी विचारलं.

"चाक हललं न्हाई, आत्या."

सबंध दिवसात तिला सगळ्यात जास्त घाम फुटला तो त्या एक तास दहा मिनिटांत. आणि तेवढाच वेळ कुठल्याच रकान्यात नाही.

इथे माझंही एक सांगायला हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. आमच्या फाउंड्रीत नियम होता, पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा तास कापायचा. कार्ड पंच व्हायचं, त्यावर लाल आकडा उमटायचा आणि मी कापायची. येळ्ळूरहून सायकलवर येणारी माणसं. पावसाळ्यात रस्त्याला चिखल. कुणी म्हणायचं, "बाई, पंधराच मिन्टं झाली की, अर्धा तास कसा?" मी म्हणायची, "नियम आहे." पंधरा मिनिटं तो माणूस भट्टीसमोर उभा असायचा आणि माझ्या वहीत नसायचा. तीस वर्षं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझी भाचीच रकान्याबाहेर उभी राहिली तेव्हा दिसलं. माणूस असाच आहे, त्याला काय करणार.

वही बघता बघता मला निपाणीची आज्जी आठवली, आईची आई. ती विड्या वळायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे असायची, त्यामुळे तिचा दिवस मला पाठ आहे. रात्री पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे उठून पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं घट्टा पाडलेला होता, तो मला दगडासारखा लागायचा. मग मांडीवर सूप घेऊन बसली की हात दिसायचे नाहीत. चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा, तोंड मुडप, टाक. पंचवीसचा कट्टा. दुपारी टोपली डोक्यावर घेऊन कारखान्यात. तिथे बायांची रांग, बसा उन्हात. तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, दाबून बघायचा आणि नको त्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाट मोजत नसत, पण परतही देत नसत.

मजुरी हजारावर. हजार विड्या मोजून आत गेल्या की पैसा. पानं आणणं, भिजवणं, कापणं, रांगेत बसणं यांतलं काहीही हजारात धरलेलं नव्हतं. पानं वाईट निघाली आणि हजार भरले नाहीत तर पदरचे पैसे घालून बाजारातून पानं आणायची. मी लहान होते, हिशेबाची आवड तेव्हापासूनच. एकदा विचारलं, "आज्जी, पानं कापायचे किती पैसे मिळतात?" ती म्हणाली, "पानं कापायचं पैशे कोण देतंय, खुळे? पानं काय वडत्यात व्हय कोण!" पान कुणी ओढत नाही, विडी ओढतात. मला ते तेव्हा अगदी पटलं होतं.

१९८१ साली मी पंधरा वर्षांची होते. मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्या सुट्टीत मला आज्जीकडे पाठवलं नाही. तंबाखूच्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकाही त्या सुमाराला संघटित होत होत्या. आज्जीच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीच्या पावत्या होत्या. ती वाचू शकत नव्हती, पण पावत्या लुगड्याच्या घडीत ठेवायची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लागला. तेव्हा आमच्या घरात त्याचा पत्ताही नव्हता. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना नियम असा होता: पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच, आणि पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा. यातलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर मुदत वाढवायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. पुरुष सहकाऱ्यांना यातलं काही नाही. न्यायालयानं गरोदरपणाचा नियम आणि ती मर्जी, दोन्ही रद्द केलं. गरोदरपणाबद्दल तर फार कडक शब्द वापरले, हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे अशा अर्थाचे. आणि त्याच निकालात चार वर्षं लग्न करायचं नाही हे मात्र योग्य ठरवलं. का, तर तोवर मुलगी परिपक्व होते आणि कुटुंब नियोजनालाही हातभार लागतो. न्यायाधीशांच्या घरातही कुणी लग्नाची मुलगी असणार, दुसरं काय म्हणू?

चिंगीला मी हे सांगितलं तेव्हा तिला नर्गेश मिर्झा हे नाव माहीत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये लिपस्टिकच्या चालणाऱ्या छटा पाठ करून घेतल्या होत्या, हे नाव नाही. आणि मला मनात वेगळंच येत होतं. आज्जी नऊ महिने भरेपर्यंत सूप मांडीवर घेऊन बसायची. मांडीवर जागा उरली नाही तेव्हा सूप बाजूला ठेवून वळायची. तिला कुणी काढलं नाही, कारण ती कुणाच्या हजेरीवर मुळात नव्हतीच.

कॅनडातल्या संपाची बातमी चिंगीनंच मला आधी पाठवली होती, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पहाटे तीनला. मी जागीच होते, वयाच्या कृपेनं. १६ ऑगस्ट २०२५ ला एअर कॅनडाचे दहा हजारांवर फ्लाइट अटेंडंट संपावर गेले. मागणी पगारवाढीची होतीच, पण फलकावर सगळीकडे एकच गोष्ट: विमान जमिनीवर असताना आम्ही करतो त्या कामाचे पैसे द्या. बारा तासांच्या आत सरकारनं कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन कामावर परतायचा हुकूम दिला. त्यांच्या युनियननं तो मानला नाही. त्यांचा अध्यक्ष हुकमाचा कागद सगळ्यांदेखत फाडतोय, तो व्हिडिओ चिंगीनं मला दोनदा पाठवला. १९ तारखेला समझोता झाला आणि जमिनीवरच्या वेळेला काही एक दर मिळाला, पूर्ण नाही, निम्म्यापासून सुरुवात. पुढे पगाराच्या भागावर मतदान घेतलं तर ९९ टक्क्यांवर लोकांनी नको म्हटलं. अमेरिकेत डेल्टानं २०२२ मध्येच माणसं चढतानाच्या वेळेचे अर्ध्या दरानं पैसे द्यायला सुरुवात केली. गंमत अशी की डेल्टाच्या फ्लाइट अटेंडंटची युनियनच नाही. कुणी म्हणतं, युनियन येऊ नये म्हणूनच दिले. आमच्या फाउंड्रीतही दिवाळीचा बोनस दोनदा असाच अचानक वाढला होता, त्यामुळे मला हे म्हणणं खोटं वाटत नाही.

आणि जमिनीवरचं काम म्हणजे काय नमस्कार-चमत्कार नव्हे. माणसं चढत असताना ही पोरगी बघत असते: दाराजवळच्या सीटवर कोण बसलं, त्याला वेळ आली तर दार उघडता येईल का, कुणाच्या पायाला प्लास्टर आहे, कोण प्यायलेला आहे. नवीन जातीच्या विमानाला परवानगी देताना निम्मी दारं बंद ठेवून नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडतात का ते बघतात. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. आत ३७९ माणसं होती. सगळी बाहेर आली. चिंगीच्या कंपनीत त्याचा व्हिडिओ दाखवतात. बॅगा घेऊ नका म्हणून ओरडायचं कसं, हे ती आमच्या परसात एकदा करून दाखवत होती. शेजारच्या कन्नड मास्तरांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, काय झालं म्हणून.

आपल्याकडं? मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूनं वेगळी वाट धरली. एका रात्रीत शेकडो जण आजारी पडले. विमानं रद्द झाली, कंपनीनं पंचवीसेक जणांना काढलं, मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि काढलेल्यांना परत घेतलं. त्याआधी ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजनं शेकडो मुला-मुलींना एका दिवसात घरी पाठवलं. ती युनिफॉर्ममध्येच मुंबई विमानतळावर निदर्शनाला उतरली, राज ठाकऱ्यांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. पाठीशी युनियन नव्हती म्हणून नेत्याचं दार. हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळत आमच्या पिढ्या गेल्या. कोणाच्या दारात किती वेळ उभं राहिलं की काय मिळतं, याचा अनुभव घरटी आहे.

आता आजारी पडायची वाटही अरुंद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच. संपाला चौदा दिवसांची नोटीस. विमान वाहतूक पूर्वीच्या कायद्यातही लोकोपयोगी सेवा होती, तेव्हा नोटीस काही नवी नव्हे, रजेचं नवं. मी हे वाचून दाखवलं तर चिंगी म्हणाली, "म्हंजे पन्नास टक्क्यांच्या आत आजारी पडायचं."

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली ते सगळ्यांना आठवत असेल. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं आली आणि माणसं पुरेनात. विश्रांती नीट मोजायला घेतली तर एवढं मोठं वेळापत्रक कोलमडलं. सरकारनं मग त्या कंपनीला काही नियमांत तात्पुरती सवलत दिली. विमानतळांवर लोक ओरडत होते ते काउंटरवरच्या पोरांवर.

"तुमच्यात युनियन नाही का?" माझ्या भावानं विचारलं. तो ताटावरून उठता उठता विचारत होता, सहज. चिंगीनं दाराकडे बघितलं. आमच्या शहापुरातल्या माजघरात, जिथे तिच्या कंपनीचं कुत्रंसुद्धा येणार नाही, तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. एक ग्रुप आहे म्हणाली. मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातात. तो शब्द त्यात कुणी लिहीत नाही, 'भिशी' म्हणतात. भिशी कधी आहे, भिशीला कोण येणार. करार दर काही वर्षांनी नवा करायचा असतो आणि तिचा येत्या मेमध्ये संपतो. ट्रेनिंगसाठी भावानं सोसायटीचं कर्ज काढलं होतं, त्याचे अजून अकरा हप्ते आहेत. मी तिला काहीही सल्ला दिला नाही. जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या बाईनं काय सल्ला द्यायचा?

जाताना तिनं क्रूसाठी कुंद्याचा डबा घेतला. मी तिला म्हटलं, रोज रात्री मला फक्त दोन आकडे पाठव. रिपोर्टिंगपासून सुटेपर्यंत किती, आणि मोजलेले किती. कशाला, तर मलाही माहीत नाही. सवय आहे. आज्जी लिहू शकत नव्हती, तरी तिच्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या; हजाराला एक उभी रेघ, छाट गेली त्या दिवशी आडवी.

जुनी निळी खतावणी मी काढली आहे. डावीकडे एक रकाना, उजवीकडे एक. ९.४० आणि ४.०५. ११.१५ आणि ६.५०. कधी पहाटे येतात, कधी दोन दिवसांचे एकदम. परवा रात्री मात्र तिनं लिहिलं: "आज स्टँडबाय. पहाटे चारपासून साडी नेसून, तयार होऊन खोलीवर बसलो. फोन आलाच न्हाई. दुपारी सोडले. कुठल्या रकान्यात लिवणार?"

मी पट्टी घेऊन तिसरी रेघ मारली. वर नाव काय घालायचं ते अजून सुचलेलं नाही.